पडदा विकणे आहे

सात रस्ता, सोलापूर
दि. १९ जानेवारी

प्रिय मित्र अजिनाथ यास बाळूचा सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

('विनंती' हा शब्द सवयीने पडला आहे, तूर्त माझं काही मागणं नाही. 'विशेष' मात्र बरंच आहे, तेव्हा चहा घेऊन बस.)

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे गोजावहिनींकडून पद्मजाला कळलं. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला तेव्हा तू अक्षरं वाचायची सोडून 'म'ची गाठ चुकलीय म्हणून त्यांनाच ऐकवत बसलास, हेही कळलं. म्हणजे दृष्टी आली आणि स्वभाव गेला नाही. थेंब वेळेवर घाल, केळीच्या बागेत धुळीत फिरू नकोस आणि महिनाभर शिडीवर चढू नकोस (या वयात तुला कुणी शिडीवर बोलावणार नाही हे खरं, पण तू न बोलावता चढणारा आहेस). आम्ही दोघं बरे आहोत. पद्मजाचा गुडघा आहे तसाच आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्या धरणाकाठी रेंज मिळते ती फक्त मोटारीच्या खोलीपाशी, आणि तिथे मोटार चालू असते. मागल्या खेपेला मी गुडघ्याचं सांगितलं तर तू अभिनंदन केलंस. म्हणून हे पत्र.

विषय आपल्या पडद्याचा आहे. आपल्या म्हणजे तू रंगवलेला (तळं, बाग, जिना) आणि मी तीस वर्षं स्टुडिओत फोटो काढताना लोकांच्या पाठीमागे टांगलेला. स्टुडिओ बंद केला तेव्हा कॅमेरे गेले, दिवे गेले, गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकणारा आला. पडदा तेवढा घरी आणला. तो मागच्या खोलीत आहे. बांबू दहा फुटांचा आणि खोली नऊ फुटांची, त्यामुळे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरका पडलेला. दहा वर्षं झाली, त्या खोलीत पद्मजा वाकून जाते आणि मी ओलांडून जातो. आता दोन फेब्रुवारीला शिवानी बाळंतपणाला येते आहे. पद्मजाने सांगितलं, त्या खोलीत एक तर बाळंतीण राहील, नाही तर तुमचा पडदा. मी विचार करायला थोडा वेळ मागितला. तो मागायला नको होता.

शिवानी पुण्याहून फोनवर म्हणाली, बाबा, ऑनलाइन टाका, लोक काहीही घेतात. (हे 'काहीही' मला लागलं, पण गरोदर मुलीशी वाद घालू नये.) तर मोबाईलमध्ये जुन्या वस्तूंचा एक बाजार भरतो. आपल्या वस्तूचा फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या, किंमत टाकायची आणि बसायचं. मी पडदा गच्चीवर टाकीच्या कठड्याला बांधला आणि फोटो काढला. अजिनाथ, ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याला 'हनुवटी जरा खाली' म्हणून सांगितलं, त्याच्या फोटोत तळ्याच्या मधोमध त्याचीच सावली पडली होती आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर शेजाऱ्यांचा परकर वाळत होता. मी तोच टाकला. वस्तू कोणत्या प्रकारची, असा प्रश्न आला. सोफा होता, शेळ्या होत्या, शिकवणी होती, पण सीनरीचा पडदा नव्हता. मी 'घरगुती पडदे' निवडलं. पहिला निरोप अर्ध्या तासात आला : एका खिडकीचा आहे की दोन खिडक्यांचा सेट आहे, आणि धुतल्यावर रंग जातो का.

मग रांग लागली. सगळे एकच विचारतात, 'उपलब्ध आहे का?' मी लिहितो, 'आहे.' मग तो माणूस गप्प होतो, कायमचा. पहिल्या दिवशी सत्तावीस लोकांना मी 'आहे' सांगितलं. पद्मजा म्हणाली, ते फक्त तुम्ही आहात का हे बघतायत. एकाने पडद्याच्या बदल्यात मिक्सर देऊ केला, भांड्याशिवाय. एकाने विचारलं, हा विंटेज आहे की नुसता जुना आहे? (मी शिवानीला विचारलं, फरक काय? ती म्हणाली, किमतीचा.) एकाने किंमत निम्मी केली, मी हो म्हटल्यावर त्याच्याही निम्मी केली, आणि मी परत हो म्हटल्यावर त्याला संशय आला आणि तो निघून गेला. आणि एका बार्शीच्या गृहस्थाने फोटो मोठा करून बघितला आणि लिहिलं की ही बदकं आहेत, जाहिरातीत हंस लिहून फसवणूक का करता.

त्याला काय उत्तर द्यावं, या विचारात मी अर्धा दिवस होतो. खरं तर त्याचं बरोबर आहे. दुकान तेव्हा आमच्या वडिलांचं, दादांनी तुला दोन हंस सांगितले होते. तू काढलीस ती कंबर तलावावरची बदकं, फक्त माना जरा ओढून लांब केल्या. दादा तापले, तेव्हा तू ब्रश पुसत म्हणालास, 'सोलापुरात हंस येत न्हाईत मालक, जे येतंय ते काढलंय.' दादा आठ दिवस तुझ्याशी बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी तुझ्याकडूनच दुकानाची पाटी रंगवून घेतली. आणि नंतर इतकी माणसं त्या बदकांपुढे बसली, एकाने तरी तक्रार केली का? रविवारी पूर्व भागातून विणकरांची कुटुंबं यायची, आजीपासून तान्ह्यापर्यंत, सगळ्यांच्या अंगाला पावडरीचा वास. मी 'नव्वंडी' म्हटलं की माझ्या तेलुगूलाच हसायची, आणि फोटो छान यायचा. अक्कलकोटकडची मंडळी आली की दादा 'नग्री' म्हणायचे. दादांना 'हसा' हा शब्द चार भाषांत येत होता, स्वतः ते एकाही भाषेत हसायचे नाहीत. तो एकच कोट आठवतो का, मागून कपड्याचे चिमटे लावून सगळ्यांना बसवायचा तो? त्या कोटात निम्म्या सोलापूरची लग्नं जमली. असो. बार्शीकराला मी लिहिलं, 'लांबून हंस दिसतात.'

तिसऱ्या दिवशी मेजरसाहेबांचा फोन आला. सीमेवर पोस्टिंग आहे, क्वार्टरमध्ये लावायला पडदा हवा आहे, किंमत मान्य, माणूस येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो. सगळं अदबीने, दर वाक्याला सर. सत्तावीस जणांनी 'उपलब्ध आहे का' विचारून पाठ फिरवल्यावर हा एक माणूस बर्फात उभा राहून आपल्या बदकांचा विचार करतोय, म्हणून मला भरून आलं. त्याने आधी पाच रुपये पाठवले, खातं बरोबर आहे का ते बघायला. आले. मग एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र पाठवलं आणि म्हणाला, हे स्कॅन करा, पिन टाका, बाकीची रक्कम जमा होईल. मी स्कॅन केलं. समोर पद्मजा तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, 'तीस वर्षं दुकान चालवलंत. गिऱ्हाईक पैसे देताना गल्ल्याची किल्ली कोण फिरवायचं, तो की तुम्ही?' मी म्हणालो, 'अगं, मेजर आहेत ते.' तिने तांदळाचं ताट खाली ठेवलं, फोन घेतला आणि त्यांना म्हणाली, 'पडद्यावर काय काय काढलंय तेवढं सांगा.' मग उत्तर आलं, फुलांचं डिझाइन आहे. पद्मजाने फोन बंद केला. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला लागत नाही, हे मला तिने नंतर समजावून सांगितलं, तांदूळ संपेपर्यंत. फसता फसता वाचलो याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं ते याचं, की त्याने चित्र बघितलंही नव्हतं.

त्यानंतर राजनंदिनी नावाची मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई आहे, इथेच सात रस्त्याजवळ चहा-कॉफीचं दुकान काढते आहे. एका भिंतीला पडदा लावायचा, गिऱ्हाइकांनी त्यापुढे बसून फोटो काढायचे, असा तिचा बेत. ही मात्र प्रत्यक्ष आली, गच्चीवर गुडघे टेकून बसली आणि पाण्यावरचे ब्रशचे फटके बोटाने मोजत राहिली. म्हणाली, 'काका, हे काम कुणाचं?' मी तुझं नाव सांगितलं. तिने घासाघीस केली नाही. रविवारी दहा वाजता टेम्पो घेऊन येते म्हणाली, आणि मी शब्द दिला. पद्मजाने त्याच संध्याकाळी खोली धुवायला काढली.

आता पुढचं जरा सावकाश वाच.

गुरुवारी दुपारी दारात ज्ञानबा आणि सोजरबाई उभे. मंगळवेढ्याकडचे, घरी शेरडं-मेंढरं. दोघंही साठीच्या आसपास. ज्ञानबांनी जाहिरातीत फक्त दहा बाय आठ आणि 'जाड कापड' एवढंच वाचलं होतं आणि दवाखान्याच्या कामाला सोलापुरात आले तसे पत्ता विचारत आले. शेरडांच्या गोठ्याला उन्हाच्या बाजूने लावायला त्यांना आडोसा हवा होता. मी राजनंदिनीला शब्द दिला होता हे मला माहीत होतं. पण तोवरचा अनुभव असा, की येतो म्हणणारा येत नाही, म्हणून एक गिऱ्हाईक हाताशी असावं असं मनात आलं आणि मी पडदा गच्चीवर उघडला. ज्ञानबा सरळ मागच्या बाजूला गेले. कापड चिमटीत धरून ओढलं, वास घेतला, पाणी लागलं तर टिकंल का विचारलं. मी मागे त्यांच्याशी बोलत होतो. पुढच्या बाजूला सोजरबाई एकट्या उभ्या होत्या. मी वाकून बघितलं, तर त्या पडद्यापासून दोन हातांवर खाली बसल्या होत्या, जिन्याच्या डाव्या अंगाला, जिथे आपण स्टूल ठेवायचो बरोबर तिथे.

म्हणाल्या, 'मला हितंच बसवलं हुतं.'

लग्नाआधी त्यांच्या वडिलांनी मुलाकडच्यांना दाखवायला फोटो काढून नेला होता. हातात टेलिफोनचा रिसीव्हर होता म्हणाल्या, लाल. ज्ञानबा पुढे आले, पडद्याकडे बघितलं आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. 'ह्योच जिना,' म्हणाले. 'त्यो फोटू बघूनच म्या हो म्हनलं. मला वाटलं, मामाची, हिच्या बापाची, बाग हाय. टेलिफोन हाय घरात. मामाला इच्यारलं बी, की त्यो जिना कुटं जातोय. मामा म्हनला, वर.'

सोजरबाई म्हणाल्या, 'आन् लगीन करून आल्यावर पंधरा दिवस बोललं न्हाईत माझ्याशी.'

'बाग न्हवती की,' ज्ञानबा म्हणाले.

मी हसलो, पद्मजा हसली, ते दोघंही हसले. मग सोजरबाईंनी मला विचारलं की तो फोटो वाळवीने खाल्ला, पण तुमच्याकडे त्याची काळी फिल्लम असंल की. जुन्या फिल्लमवरून नवा फोटू निघतोय, असं त्यांच्या सुनेने सांगितलं होतं.

अजिनाथ, इथे मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. दुकान आवरलं तेव्हा तू विचारलं होतंस, निगेटिव्हचं काय केलंस, आणि मी म्हणालो होतो, भावाच्या घरी माळ्यावर नीट ठेवल्यात. ते खोटं होतं. फिल्ममधली चांदी काढणारा एक माणूस आला होता, त्याला मी किलोवर दिल्या. अकरा पोती भरली. दादांच्या काळापासूनच्या, पाकिटांवर त्यांच्या अक्षरात नावं आणि तारखा. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, उलट जागा मोकळी झाली म्हणून बरं वाटलं. तुला सांगायची तेवढी लाज वाटली, म्हणजे आत कुठे तरी कळत होतंच. दहा वर्षांत कुणी एक निगेटिव्ह मागायला आलं नाही. गुरुवारी ही बाई माझ्याकडे बघत उभी होती आणि मला 'नाही' हा शब्द काढायला जमेना. शेवटी सांगितलं, खरं तेच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. 'असू द्या,' म्हणाल्या, 'तुमी तरी किती जपून ठेवनार.' रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी खाली गेलो, ट्रंकेत राहून गेलेला तो लाल टेलिफोन काढला, स्टूल आणलं. वारा होता. पडदा फुगत होता, म्हणून पद्मजा एका बाजूला पडद्याच्या खालच्या काठावर पाय देऊन उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यानिशी, आणि ज्ञानबा दुसऱ्या बाजूला. सोजरबाईंनी पदर सारखा केला आणि रिसीव्हर कानाला लावला. ज्ञानबांनी तिकडून विचारलं, 'कुनाशी बोलतीस?' त्या म्हणाल्या, 'तुमच्याशी न्हाय.' तेवढ्यात मी फोटो घेतला. मोबाईलवर घेतला, पण सावली बघून घेतला. कित्येक वर्षांनी मी 'हनुवटी जरा खाली' म्हणालो आणि समोरच्या माणसाने खाली केली.

फोटो झाल्यावर ज्ञानबा किमतीचं बोलायला लागले, तर सोजरबाई उठून म्हणाल्या, 'ह्ये शेरडांवर घालायचं न्हाय.' ते म्हणाले, मग उन्हाचं काय? 'ताडपत्री घ्या.' संपलं. सौदा मोडला तो गिऱ्हाइकाच्या बायकोने मोडला. ताडपत्री कुठे स्वस्त मिळते, ते मीच त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं. फोटोची प्रत काढून मी पोस्टाने पाठवली आहे.

आता राजनंदिनी. शुक्रवारी तिचा निरोप आला, 'काका, रविवारचं नक्की ना?' मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. शनिवारी दोन फोन आले, घेतले नाहीत. ज्या सत्तावीस जणांना मी आठवडाभर नावं ठेवत होतो, तसाच मी अठ्ठाविसावा झालो. रविवारी दहाला टेम्पोचा आवाज आला तसा मी बाथरूममध्ये गेलो आणि पद्मजाला म्हणालो, घरी नाही म्हणून सांग. पद्मजाने दार उघडलं आणि सांगितलं, 'आहेत. बाथरूममध्ये लपलेत.' बाहेर यावं लागलं. ती मुलगी ओरडली नाही. एवढंच विचारलं, 'काका, विकायचा नव्हता तर टाकलात कशाला?' कदाचित कुणी तरी येऊन बघावा म्हणूनच टाकला असेल. टेम्पोचं भाडं मी दिलं, तिने नको नको म्हणत घेतलं. घरी जाऊन तिने मला पाचपैकी एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'विक्रेता स्वभावाने चांगला, पण विकत नाही.' मला ते वाचून खोटं वाटलं नाही. मी जाहिरात काढून टाकली.

एकूण या बाजारात मी काही विकलं नाही. जमा झाले ते मेजरसाहेबांचे पाच रुपये. पण पडदा सुखरूप आहे, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. गोजावहिनींना नमस्कार, सुनेला आणि मुलाला आशीर्वाद. शिवानीचं सुखरूप झालं की कळवतोच.

तुझा,
बाळू

ता. क. १ : शिवानी दोन तारखेला येते आहे ती येतेच आहे, आणि पद्मजाने आता मुदत दिलेली नाही, नुसती बघते. तुमच्या गावचा येडू केळी घेऊन मार्केटला येतो आणि टेम्पो रिकामा परत नेतो, हे मला काल कळलं. हे पत्र त्यानेच तुझ्या हातात दिलं असेल. त्याला लगेच जाऊ देऊ नकोस. टेम्पोच्या मागच्या बाजूला बघ. गोणपाटात गुंडाळलेलं लांबलचक जे आहे ते उतरवून घ्यायला दोन माणसं लागतील. तू उचलू नकोस, डोळा आहे. कोरड्या जागी, भिंतीला टेकवून ठेव. मोटारीवर झाकायला घेऊ नकोस.

ता. क. २ : पद्मजा म्हणते, राजनंदिनीला तुझा पत्ता द्यावा. तसाच दुसरा पडदा रंगवून देशील का, असं ती विचारत होती, राग गेल्यावर. महिना झाल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि तिने या वेळी हंस मागितले आहेत, ते तिला आधीच समजावून सांग.

ता. क. ३ : पहिल्यांदा आली तेव्हा तिने अजून एक मागितलं होतं. पडद्याशेजारी भिंतीवर लावायला पडदा रंगवणाऱ्याचा फोटो. शनिवारी तिचे फोन घेत नव्हतो तेव्हा मी तेच करत होतो, घरातले सगळे आल्बम काढून बसलो होतो. त्यात तू एकाही फोटोत नाहीस. तू सतत पाटी रंगवत असायचास आणि मी सतत कॅमेऱ्यामागे. आपल्या दोघांचा मिळून तर एकही नाही. डोळ्याचा महिना संपला की मी एक दिवस येतो. पडदा कुठे टांगायचा ते बघून ठेव, दोन स्टुलं लागतील. मी पुढे बसलो की बटण दाबायला कुणी उरत नाही, तेवढं गोजावहिनींना आधी विचारून ठेव.